मान दुखतेय? जागा रिकामी न करता दुरुस्ती कशी करायची

राहायला ठाण्यातल्या मानपाड्यात आणि दुखणं मानेचं, त्यामुळे आमच्या घरात विनोदांना तोटा नव्हता. पण तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात माझी मान जी अवघडली ती दिवाळी उलटली तरी सुटेना, तेव्हा विनोद आपोआप बंद पडले. उशी उन्हात ठेवून झाली (भर जुलैत ऊन कुठून आणू विचारलं तर आई म्हणाली खिडकीत ठेव, दिसेल तेवढं लागू दे), तेल झालं, बाम झाले, गावाकडच्या मावशीने पायाळू माणूस शोध आणि लाथ मारून घे असंही सुचवलं. अगं ती पाठीतली उसण, मानेला लाथ कोण मारून घेतं. शेवटी नौपाड्यातल्या आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेले, हातात स्वतःच्याच मनाने काढून आणलेला एमआरआय आणि गळ्यात स्वतःच्याच मनाने विकत घेतलेला पट्टा.

त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी मला तपासलं. बोटं घट्ट आवळायला लावली, कोपरात छोटी हातोडी मारून बघितली, दोन्ही हातांवरून कापूस फिरवून सारखा लागतोय का विचारलं, बाहेरच्या पॅसेजमध्ये टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालवलं, आणि मग म्हणाले, "ठाण्यात राहता ना, मग महापालिकेची धोकादायक इमारतींची यादी माहीत असेल. सी-वन म्हणजे रिकामी करा आणि पाडा. सी-टू-ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करा. सी-टू-बी म्हणजे माणसं आत राहू देत, दुरुस्ती करा. सी-थ्री म्हणजे किरकोळ डागडुजी. तुमची मान सी-टू-बी आहे आणि तुम्ही ती सी-वन समजून रिकामी करून बसलाय."

खरंच बसले होते. स्कूटी बंद, भाजीची पिशवी नवऱ्याकडे, मागून कोणी हाक मारली तर मान न वळवता अख्खी मीच वळायची, पट्टा तर झोपतानाही. म्हणजे मानेला काम द्यायचंच नाही असं ठरवून टाकलेलं, आणि काम नसलं की स्नायू आणखी लेचेपेचे होतात, मग जरासं काम पडलं तरी दुखतं, मग आपण आणखी जपतो. हे चक्र.

आता पुढचं सगळं त्यांनी आणि त्यांनी पाठवलं त्या फिजिओने शिकवलेलं, मी करून बघितलेलं. मी अकाउंट्समध्ये आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे ज्यांची मान तीन महिन्यांहून जास्त दुखतेय आणि ज्यांना एकदा तरी डॉक्टरांनी हात लावून तपासलंय त्यांच्यासाठीच हे आहे.

पण सी-वनवाले कोण ते आधी. पडल्यावर, अपघातात किंवा जोरात ब्रेकचा धक्का बसल्यावर मान दुखायला लागली असेल तर व्यायाम वगैरे काही नाही, त्याच दिवशी दाखवायचं. तापाबरोबर मान ताठ आणि डोकं भयंकर दुखतंय, तर लगेच. संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन कारण नसताना उतरतंय, किंवा आधी कधी कॅन्सर झालेला आहे, तर थांबू नका, मणक्याचा टीबी आपल्याकडे काही दुर्मिळ नाही. हातातली ताकद कमी होतेय, ब्लाउजचे हुक लागत नाहीत, कप हातातून सुटतो, चालताना तोल जातो, पाय जड पडतात, लघवी-संडासवरचा ताबा जातोय, ही तर मज्जारज्जूवर दाब येत असल्याची लक्षणं असू शकतात, इथे एक दिवसही घरगुती उपाय नको. एकदम नेहमीपेक्षा वेगळीच कळ आली आणि सोबत चक्कर, एकाचे दोन दिसणं, बोबडी वळणं, तोंड वाकडं, तर १०८ ला फोन करा. मान-जबडा-डावा हात दुखतोय, छातीवर दडपण, दरदरून घाम, तर ते मानेचं समजत बसू नका, हार्टचं असू शकतं. आणि आमवात, हाडं ठिसूळ असणं किंवा बरीच वर्षं स्टिरॉइड चालू असणं, यातलं काही असेल तर खालचा एकही व्यायाम डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

यातलं काही नसेल तर बहुतेकांच्या मानदुखीला असं एक नेमकं कारण बोट ठेवून दाखवताच येत नाही, आणि हे ऐकून मला आधी रागच आला होता. मग या एमआरआयमध्ये दोन ठिकाणी डिस्क बल्ज (म्हणजे दोन मणक्यांमधली गादी फुगलेली) लिहिलंय ते काय? तर जपानमध्ये १२११ निरोगी, मानेची काहीही तक्रार नसलेल्या माणसांचे मानेचे एमआरआय काढले होते, २०१५ साली छापून आलेला अभ्यास आहे, त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या डिस्क फुगलेल्या निघाल्या. विशीतल्या पोरापोरींतसुद्धा बहुतेकांच्या. म्हणजे जुन्या बिल्डिंगच्या प्लास्टरला तडा दिसला म्हणून पिलर गेला असं नसतं (ठाण्यात हे उदाहरण देताना जरा जपूनच द्यावं लागतं, पण तुम्हाला कळलं). रिपोर्टमधले ते डिजनरेटिव्ह, ऑस्टिओफाइट, मणक्याचा बाक कमी झालाय वगैरे शब्द रात्री दोन वाजता गूगल करू नका. हाताला मुंग्या, बधिरपणा, ताकद कमी असं काही असेल तेव्हा एमआरआयला अर्थ आहे आणि तो कधी काढायचा ते तपासणारा ठरवेल. माझे ते पैसे गेले ते गेलेच.

डॉक्टरांकडे जाताना एक करा. संध्याकाळी क्लिनिकमध्ये गर्दी असते, तुमच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येणार, त्यात "मान दुखते हो" एवढंच सांगून वेळ घालवू नका. कागदावर चार ओळी लिहून न्या: कधीपासून, कुठून कुठपर्यंत (हातात उतरतं का, उतरलं तर कुठल्या बोटांत, अंगठ्याकडे की करंगळीकडे, यावरून कुठली नस ते त्यांना कळायला मदत होते), कशाने वाढतं कशाने कमी होतं, आणि यामुळे नेमकं काय करता येत नाहीये. सध्याच्या सगळ्या गोळ्या, बीपी-शुगरच्या आणि मेडिकलवाल्याने दिलेल्यासुद्धा. आणि मनातली भीती बोला. मला वाटत होतं मला लकवा मारणार, तीन महिने हे पोटात ठेवून फिरत होते, बोलले तेव्हा ते हसले नाहीत, परत एकदा हात-पाय तपासून दाखवले आणि त्या रात्री मी किती दिवसांनी नीट झोपले.

आता दुरुस्तीचं. पहिला आठवडा व्यायाम नाहीच, फक्त वही. सकाळी-रात्री दहापैकी किती दुखलं आणि त्याच्या आधी काय केलं होतं. माझ्या वहीतलं एक पान बघा: "सोमवार, सकाळी ३. जीएसटीचं काम, सलग दोन तास, ६. मंगळवार ७, रजा, दिवसभर आडवी. बुधवार ५. गुरुवार ३, बरं वाटलं म्हणून माळे आवरले. शुक्रवार ८." बरं वाटलं म्हणून माळे आवरले! सगळं दुखणं या एका ओळीत आहे. बरं वाटलं की आपण तीन दिवसांचा बॅकलॉग एका दिवसात उपसतो आणि मग तीन दिवस पडून राहतो. त्यावर उपाय म्हणजे काम दुखण्यावर नाही, घड्याळावर थांबवायचं. माझी मान साधारण पाऊण तास बसल्यावर कुरकुरायची, तर अर्ध्या तासाला मोबाइलवर गजर, वाजला की उठायचं, दुखत असो नसो. बऱ्या दिवशीही तेवढंच आणि वाईट दिवशीही जमेल तितकं त्याच्या जवळपास. दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवायची. चांगल्या दिवशी हात आवरणं हे वाईट दिवस सोसण्यापेक्षा अवघड जातं, बायकांना तर फारच.

दुसऱ्या आठवड्यापासून हालचाल. ताठ बसून मान हळू उजवीकडे, ताण जाणवेल तिथपर्यंत, मग डावीकडे, दहा-दहा वेळा, मग कान खांद्याकडे, मग खाली-वर, आणि खांदे मागे गोल फिरवायचे. दिवसातून चार-पाच वेळा. कटकट आवाज आला तर येऊ दे, दुखत नसेल तर त्या आवाजाला काही अर्थ नाही. झटके मात्र द्यायचे नाहीत.

मग तो हनुवटीचा व्यायाम, जो दिसायला अगदीच फालतू आहे आणि मी दोन आठवडे चुकीचा केला. पाठीवर झोपायचं, डोक्याखाली पातळ उशी किंवा घडी केलेला टॉवेल. आता एखाद्याला अगदी हळूच "हो" म्हणतो तशी हनुवटी किंचित गळ्याकडे न्यायची, डोकं उचलायचं नाही, उशीवरून नुसतं सरकल्यासारखं होईल. पाच सेकंद धरायचं, सोडायचं, दहा वेळा, पुढे हळूहळू धरणं दहा सेकंदांवर न्यायचं. चूक कुठे होते तर आपण जोर लावतो. गळ्याच्या दोन्ही बाजूंना कानामागून छातीच्या हाडाकडे येणाऱ्या दोऱ्यांसारख्या शिरा असतात ना (शिरा नाहीत, स्नायू आहेत, फिजिओ दर वेळी दुरुस्त करायची), त्यांच्यावर दोन बोटं हलकी ठेवायची. त्या टणक झाल्या म्हणजे बाहेरचे मोठे स्नायू काम करतायत, आतले झोपलेत. त्या मऊ ठेवून "हो" म्हणता आलं की जमलं. मला ते समजायला आरसा लागला आणि जिभेचं टोक टाळूला लावून दात न आवळता करायला लागले तेव्हा आलं.

हे जमलं की तळहात कपाळावर ठेवून डोक्याने हलकंच ढकलायचं आणि हाताने अडवायचं, डोकं हलता कामा नये, पाच सेकंद, असं चारी बाजूंनी पाच-पाच वेळा, श्वास न कोंडता. जोर निम्म्याहूनही कमी, दारावरची बेल दाबतो तेवढा.

आणि मग रबर बँड. व्यायामाचा रुंद पट्टा मिळतो तो, हलक्या ताणाचा घ्या. मधोमध पायाखाली दाबून उभं राहायचं, दोन्ही टोकं हातात, कोपर किंचित वाकवलेले, हात बाजूने खांद्याच्या उंचीपर्यंत वर न्यायचे आणि सावकाश खाली आणायचे. थकेपर्यंत, पण जास्तीत जास्त दोन मिनिटं. बस, दोनच मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. हे मी मनचं सांगत नाही, २०११ मध्ये पेन (Pain) नावाच्या मेडिकल जर्नलमध्ये आलं होतं, मान-खांदे नेहमी दुखणाऱ्या १९८ जणांवर दहा आठवडे करून बघितलं, रोज दोन मिनिटंवाल्यांनाही फरक पडला आणि बारा मिनिटंवाल्यांनाही. मला हे वाचून जो आनंद झाला तो सांगता येत नाही, कारण जिमची वर्षाची फी भरून चार वेळा जाणाऱ्यांपैकी मी आहे. कुकरच्या तीन शिट्ट्या होतात तेवढ्यात माझा व्यायाम होतो. फिनलंडमध्येही ऑफिसात काम करणाऱ्या १८० बायकांवर वर्षभर मानेच्या ताकदीचे व्यायाम करून बघितले होते, २००३ साली आलेला अभ्यास, तिथेही दुखणं चांगलंच कमी झालं होतं. म्हणजे नुसतं ताणून-बिणून थांबायचं नाही, मानेला आणि खांद्यांना वजन द्यायचं. पण वर्षभर, हे विसरू नका. मला स्वतःला फरक कळायला आठ आठवडे लागले, चौथ्या आठवड्यात मी बँड कपाटात टाकूनही दिला होता.

किती दुखलं तर चालतं? व्यायाम करताना थोडं वाढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ पदावर आलं तर चालतं, तसंच चालू ठेवा. सकाळीही वाढलेलंच असेल तर संख्या निम्मी करा, बंद करू नका. हातात मुंग्या वाढल्या किंवा कळ खाली उतरायला लागली तर थांबा आणि दाखवा.

चालणं धरून ठेवा. मी उपवनला जाते, रविवारी गर्दीमुळे नाही, तलावपाळीला तर चालण्यापेक्षा पाणीपुरीच होते. वीस-पंचवीस मिनिटं, हात हलवत, फोन खिशात.

बसण्याबद्दल सगळे फार बोलतात आणि मी कमीच बोलणार आहे, कारण एक आदर्श पोज अशी काही नसते, कितीही छान बसलात तरी दोन तास तसंच बसलात की दुखणारच. मोबाइलवर मान वाकवली की २७ किलो भार येतो हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल, तो २०१४ च्या एका कॉम्प्युटर मॉडेलमधला आकडा आहे, खऱ्या माणसांच्या माना मोजून काढलेला नाही, त्यामुळे घाबरून फोन कपाळासमोर धरून फिरायची गरज नाही. लॅपटॉप उंच करा आणि कीबोर्ड-माउस वेगळा घ्या एवढं केलं तरी पुष्कळ. घरी मी लॅपटॉप जेवायच्या पाटावर ठेवते आणि पाटाखाली फराळाचे दोन रिकामे डबे. ओटा बुटका असेल तर पोळ्या लाटताना मधेच थांबून दोनदा वर बघा, किंवा टेबलावर लाटा, लोक हसतील.

प्रवासात मी ट्रान्स-हार्बर लोकलने घणसोलीला जाते. ठाण्याला नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर गाडीत शिरून बसायला जागा मिळाली तर डोकं मागे टेकवून तोच हळूच "हो" म्हणायचा प्रकार, दिघा ते रबाळे, समोरच्या बाईला वाटतं मी तिच्याशी बोलतेय. तिघांच्या बाकावर कडेची चौथी सीट मिळाली तर वेडंवाकडं टेकून झोपू नका, त्यापेक्षा उभं राहिलेलं बरं. बॅग दोन्ही खांद्यांना, आणि आतून दर रविवारी रिकामी करा, माझ्या बॅगेत दोन छत्र्या आणि गेल्या वर्षीची दिनदर्शिका निघाली होती. घोडबंदरच्या खड्ड्यांवर मात्र माझ्याकडे व्यायाम नाही. रिक्षात मधोमध बसा आणि बारला धरा.

झोपताना कुशीवर असाल तर खांदा आणि कान यांच्यामधली जागा उशीने भरली पाहिजे, डोकं खाली लटकता कामा नये आणि वर उचललं जाताही कामा नये. पाठीवर असाल तर पातळ उशी. पोटावर झोपू नका, रात्रभर मान एका बाजूला पिळलेली राहते. महागडी उशी घ्यायच्या आधी टॉवेलची घडी उशीखाली घालून-काढून उंची ठरवा, मी तीन उशा घेतल्यानंतर शहाणी झाले.

आणि डोक्यातलं. आमच्या सोसायटीत एक गाडी आहे, बॉनेटवर मांजर बसलं तरी सायरन बोंबलतो. गाडीला कुणी हात लावलेला नसतो, सायरनच हळवा झालाय. बरेच महिने दुखलं की मज्जासंस्थेचं तसंच होतं, झोप कमी झाली, घरात टेन्शन असलं की साध्या हालचालीलाही बोंब. मुलाच्या दहावीच्या वर्षी माझी वही बघितली तर प्रिलिमचा आठवडा सरळ ओळखू येतो. दुखणं मनाचं आहे असं नव्हे हो, दुखणं खरंच आहे, पण सायरनचा आवाज झोपेने, चालण्याने, कुणाशी तरी मोकळं बोलण्याने खाली येतो. मी दुपारी एकदा फक्त बघते, खांदे कानाला लागलेत का आणि दात आवळलेत का. बहुतेक वेळा दोन्ही.

शेक घ्या, जाडं मीठ तव्यावर तापवून फडक्यात बांधा किंवा गरम पाण्याची पिशवी, दहा-पंधरा मिनिटं, कातडी भाजणार नाही एवढंच गरम, आणि शुगरमुळे संवेदना कमी असेल तर दुसऱ्याला हात लावून बघायला सांगा. शेकाने बरं वाटतं, बरं होत नाही, पण बरं वाटलेल्या त्या अर्ध्या तासात व्यायाम उरकून घ्या. गोळ्या डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. मेडिकलवाला "अंगदुखीची द्या" म्हटल्यावर जी देतो त्यात बऱ्याचदा दोन औषधं एकत्र असतात, आणि त्यातल्या पेनकिलरने ॲसिडिटी वाढते, बीपी वाढू शकतं, किडनीवर ताण येतो, रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर तर विचारल्याशिवाय अजिबात नाही. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्यांनी झोप येते, त्या घेऊन स्कूटी चालवायची नाही. गळ्यातला पट्टा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको.

मालिश हवी तर करा, हलक्या हाताने. पण सलूनमध्ये चंपी झाल्यावर तो जो डोकं धरून कडाक करून मान मोडतो ते करू देऊ नका, पुरुषमंडळींनी विशेष ऐका. मानेतून मेंदूला रक्त नेणाऱ्या नळ्या जातात आणि अशा झटक्याने त्यांना इजा होऊ शकते, स्ट्रोकपर्यंत प्रकरण जाऊ शकतं. पार्लरमध्ये केस धुताना बेसिनवर मान फार मागे टाकतात त्यावरून तर डॉक्टरांमध्ये ब्यूटी पार्लर स्ट्रोक असं नावच आहे. क्वचित होतं, पण मानेखाली जाड टॉवेल मागायला काय जातं.

मधेच भडका उडणार हे धरून चाला. माझा वर्षातून दोन-तीनदा उडतो. तेव्हासाठी फ्रिजवर कागद लावलाय: दोन दिवस बँड बंद, फक्त हळू हालचाल, शेक दोनदा, चालणं निम्मं, गोळी सांगितलेली तेवढीच, ऑफिसला जायचं, तिसऱ्या दिवशी निम्म्या संख्येने बँड सुरू. दोन आठवड्यांत उतरला नाही किंवा वरच्या सी-वन यादीतलं काही दिसलं तर नौपाडा. नाहीतर डॉक्टरांकडे मी आता सहा महिन्यांनी जाते, तेही बीपीसाठी, आणि ते मानेचं विचारतात तेव्हा मी मान वळवून दाखवते.

हो, एक राहिलं. तो रबर बँड सात-आठ महिन्यांत कडेला चिरायला लागतो, ओढायच्या आधी रोज उजेडात धरून बघा. माझा एकदा भर स्वयंपाकघरात तुटला आणि टोक सटकन जाऊन सासूबाईंच्या चहाच्या कपावर आदळलं. नवा बँड घेऊन द्यायला त्याच दुपारी गोखले रोडला त्या स्वतः माझ्याबरोबर आल्या, दुकानदाराला म्हणाल्या, जरा जाड दाखवा.